सातवा खोका

दुधाचा खोका थंड पाण्याने विसळावा.
गरम पाण्याने दूध पुठ्ठ्याला धरून बसतं
आणि मग आठवडाभर पिशवीतून बोलत राहतं.
हे मला आईने शिकवलेलं नाही.
आईच्या वेळी दूध किटलीतून यायचं
आणि किटली कोणी फेकत नसे.

कोपरे सोडवायचे, कान मोडायचे.
नाक दाबलं की तोंड उघडतं.
मग तळहाताने एकदाच जोर,
की आतली शिळी हवा फुस्स.
सहा चपटे खोके सातव्याच्या पोटात:
दुधाचे चार, संत्र्याच्या रसाचा एक,
आणि एक त्या आंबट दह्याचा, जे मला मुळीच आवडत नाही,
पण मदतीला येणारी पोरगी आणतेच.
म्हणते, बोर्गहिल्ड, हाडांसाठी.

सातव्यावर नाव लिहायचं, फोन नंबर लिहायचा.
तिकडे दक्षिणेत कुठेतरी सोडत निघते,
कुणाच्या तरी खोक्याला बक्षीस लागतं
आणि एक अनोळखी आवाज फोन करतो: अभिनंदन.

मी माझं नाव लिहीत नाही.
मी लिहिते, तूराल्फ.
खाली आठ आकडे.
ते बोटांनाच पाठ आहेत, मला विचारत नाहीत.

अकरा वर्षांचा अबोला.
वडिलांचं होडीघर, हिरव्या दाराचं,
आत अजून डांबराचा वास,
ते त्याने हॅम्बर्गच्या एका दंतवैद्याला विकलं
आणि मला कळलं दुकानात, बटाटे निवडताना.
मग मी जे बोलले ते बोलले.
तो जे बोलला नाही
तेही मी ऐकून घेतलं.

फियोर्डच्या पलीकडे त्याचा दिवा दिसतो.
डिसेंबरात दुपारी दोनला लागतो.
यंदा पावणेदोनलाच लागतो आहे.
डोळे गेले की काय म्हाताऱ्याचे,
असं मनात येतं,
आणि मी पुढचा खोका विसळायला घेते.

मी फोन करणार नाही. ते ठरलेलं आहे.
पण त्याच्या घरी फोन वाजावा,
त्याने एका पायात बूट घालून धावत जावं,
नेहमी धावायचा तसा,
आणि विचारावं, पण माझं नाव लिहिलं कोणी?
त्यापुढचं मी ठरवलेलं नाही.

मागच्या मंगळवारी वाऱ्याने कागदाचे डबे आडवे केले.
सगळ्या रस्त्यावर खोके,
बर्फात लाल, निळे, पिवळे,
कुणाच्या घरी काय पितात ते सगळ्यांना दिसलं.
बर्फ काढणारा यूस्टाइन गाडीतून उतरला,
एकेक गोळा करत माझ्या दारापर्यंत आला.
त्याच्या हातात माझा होता, गच्च भरलेला.
त्याने वाचला. मी त्याच्या टोपीकडे बघत राहिले.

तो म्हणाला, हा नंबर बंद झाला की.
तीन वर्षं झाली.
त्याच्याकडे आता मोबाइल आहे, मोठ्या आकड्यांचा.

तीन वर्षं.
म्हणजे किती खोके, मी मोजायला लागले,
आणि सोडून दिलं.
एखादं बक्षीस लागलंही असेल,
वाजलं असेल कुठेतरी, जिथे घरच नाही.

हवाय का नवा? यूस्टाइनने विचारलं.
इंजिन चालूच होतं.
दारातून थंडी आत येत होती.
मी म्हटलं, थांब, पेन आणते.
खोका हाताशी एकच होता, सकाळी विसळलेला, ओला.
शाई जरा पसरली.
सातच्या मधल्या आडव्या रेघा तेवढ्या नीट उमटल्या.

तो खोका खिडकीत उभा आहे.
वाळला केव्हाच.
यात सहा मावतील.
सिंकपाशी नऊ साठलेत,
आणि पोरगी विचारते,
बोर्गहिल्ड, हा चपटा करू का?

राहू दे, मी म्हणते.
राहू दे अजून.